पासलीची फाटकी पुस्तकं

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला पासली गावचं वाचनालय चालवणारी ती तरुण बाई आठवते. तेव्हा मी भोरला ग्रंथपाल होतो आणि वाचनालयं लोकांच्या किती उपयोगी पडतात हे पाहायला एक तपासनीस आले होते. डांबराच्या गोळ्या घालून जपलेली माझी चकचकीत कपाटं बघून त्यांनी नुसती मान हलवली, मग मला सोबत घेऊन ते पासलीला गेले. तिथली पुस्तकं फाटकी, हळदीचे डाग पडलेली. शेळ्या राखणारी एक म्हातारी त्यांना म्हणाली, "ही पोर वस्तीवर येऊन वाचून दावती. भाताच्या रोगाचं पुस्तक हिनंच आणलं, सायेब." तपासनीसांचा चेहरा खुलला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. "पण साहेब, यांचं देवघेवीचं रजिस्टर अर्धं कोरं आहे," मी म्हणालो. तेवढ्यावरून तिच्या वाचनालयाची दर्जावाढ आणि त्याबरोबर मिळणारं वाढीव अनुदान अडलं. पंधरा दिवसांनी ती एसटीनं भोरला आली आणि म्हणाली, "सर, रजिस्टर कसं लिवायचं तेवढं शिकवा की मला." मी म्हणालो, "वेळ नाही." त्या दुपारी माझ्या वाचनालयात एकही वाचक नव्हता, आणि ते तिलाही दिसत होतं. निवृत्त झालो तरी हे आठवतं तेव्हा लाज वाटायला हवी, पण आधी तिचा हेवाच वाटतो.