एका औषधाची तीन उत्तरं

दोन हजार सहा-सातची गोष्ट. एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला माझ्या मार्गदर्शक सरांनी मला विषय दिला, तेव्हा मी मान डोलावली, पण कळलं काहीच नव्हतं. गिळलेलं औषध आतड्यातून रक्तात किती जाईल, हे न्यूरल नेटवर्ककडून आधीच वदवून घ्यायचं होतं. मेंदूतल्या पेशी जशा एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्या धर्तीवर शिकणारा हा कॉम्प्युटरचा प्रोग्राम. आमच्या गोंदियाच्या कॉलेजात तोवर हे कोणी केलं नव्हतं. सर मोकळेपणाने म्हणाले, "मीही आता वाचूनच राहिलो. सोबत शिकू."

जुन्या शोधनिबंधांतून औषधांची माहिती गोळा करण्यात पावसाळा गेला. रेणू केवढा, तेलात किती विरघळतो, पाण्यात किती, माणसाच्या आतड्यातून किती शोषला गेला. हे सगळं प्रोग्रामला शिकवलं आणि मग त्याने न पाहिलेलं एक औषध त्याच्यापुढे ठेवलं. उत्तर आलं बहात्तर टक्के. मी खूश. खात्रीसाठी पुन्हा चालवलं, तर एक्केचाळीस. तिसऱ्यांदा अठ्ठ्याऐंशी.

माहिती तीच, औषध तेच. माझंच टायपिंग चुकलं असेल म्हणून आठवडाभर एकेक आकडा कागदाशी ताडून पाहिला. चूक सापडली नाही. सरांना सांगितलं.

"निबंधात या औषधाचा आकडा काय आहे?" त्यांनी विचारलं.

"सत्तरच्या आसपास."

"मग बहात्तर ठेव."

मी बाहेर आले. उत्तर आधीच माहीत असेल तर प्रोग्रामला विचारायचं कशाला? आणि माहीत नसेल तेव्हा तिन्हींतलं कोणतं धरायचं? हे सरांना विचारायचं धाडस झालं नाही.

मुर्रीला घरी आले, तर आई अंगणवाडीतून नुकतीच परतली होती. "काऊन चुपचाप बसून राहिली?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रोज येगळं सांगते, मंग त्याले मेंदू कायले म्हणता?"

शेवटी वाटलं, खरं आतडंच वापरून पाहावं. कुडव्याच्या मटणवाल्याकडून ताजं बकऱ्याचं आतडं आणलं. शिजवायचं नाही म्हटल्यावर तो बुचकळ्यात पडला, पण त्याने न धुता दिलं. थंड मिठाच्या पाण्यात घालून स्कूटीवरून कॉलेजात नेलं. आत तेच औषध भरून टोकं दोऱ्याने बांधली आणि ते कोमट द्रावणात सोडलं. आतडं जिवंत राहावं म्हणून हवेसाठी माशांच्या टाकीचा पंप लावला. पहिल्या दिवशी निम्मं औषध आतड्याच्या भिंतीतून बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बकऱ्याचं आतडं घेतलं, तर पाव भागसुद्धा नाही. आता तर मी पुरतीच गोंधळले.

मटणवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कल वाला छोटा था मैडम, अपने गोरेगाव के बाजार का. आज का बूढ़ा है." तेव्हापासून मी वहीत बकऱ्याचं वयही लिहायला लागले.

कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांनी प्रोग्रामचा घोळ उलगडून दिला. तो दर वेळी नव्या अंदाजापासून शिकायला सुरुवात करतो. माहिती थोडी असली की दर वेळी वेगळ्याच ठिकाणी पोचतो. पुष्कळदा चालवा, सरासरी काढा, आणि उत्तरं किती पसरली तेही लिहा, असं ते म्हणाले.

"पण खरं कोणतं, सर?"

"वो तो आप बताओगे. फार्मसी आपकी है."

मी शंभरदा चालवलं आणि सगळी उत्तरं प्रबंधात लिहिली. आमच्या सरांनी ते पान वाचलं. "परीक्षक पकडतील," ते म्हणाले, पण सही केली.

नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. "मग हे औषध शोषलं किती जातं?"

"नक्की सांगता येत नाही, सर," मी म्हणाले.

त्यांनी पानं चाळली, काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मी पास झाले. त्यांना माझं उत्तर पटलं की कीव आली, ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. आमच्या सरांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले होते. मी दोन खाल्ले आणि स्कूटी काढली.