मोपेड चिखलदऱ्याला गेलीच नव्हती

तमाम नागरिकांस कळविण्यात येते की, दर्यापूर तालुक्यातील एका फुलवालीच्या मोपेडने झेंडूच्या टोपल्या उतरवून ठेवल्या, अकोल्यात तिघांना पाठीवर घेऊन सिग्नल तोडला, चिखलदऱ्याचा घाट चढून तिथे विनाहेल्मेट थंड हवा खाल्ली आणि अखेर पुन्हा अकोल्यात येऊन एका बाईचे मंगळसूत्र ओढून पोबारा केला. हे मी म्हणत नाही, शासनाच्या नोंदी म्हणत होत्या. ती मोपेड मी पाहिलेली होती. घाट सोडा, आमच्या ठाण्यासमोरच्या छोट्या चढावरसुद्धा तिला उतरून ढकलावे लागे.

मला निवृत्त होऊन फार काळ झालेला नाही, पण खून-दरोड्यांचे तपास पुसट होत चालले आहेत आणि ही मोपेड मात्र डोक्यातून जात नाही. आठवली की अजून संताप होतो.

मी तेव्हा तिथे ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपली, बीटची वाटणी झाली, चहा आला, तेवढ्यात अकोल्याच्या पथकातल्या एका उपनिरीक्षकाचा फोन आला. मंगळसूत्र चोरीत वापरलेल्या गाडीचा नंबर कॅमेऱ्यात सापडला होता. गाडी आमच्या हद्दीतल्या एका बाईच्या नावावर आणि घरात तिचा तरुण मुलगा. "सर, मुलाला ठाण्यात बसवून ठेवा. उद्या आम्ही जीप घेऊन येतो, घरझडती घेतो आणि त्याला घेऊन जातो. आधीची चलानंपण आहेत त्या गाडीवर. सराईत दिसतोय."

फोन ठेवतो न ठेवतो तोच ती बाईच दारात उभी. हातात झेंडूची पिशवी, मागे मान खाली घातलेला मुलगा. मुलाला चौकशीला हजर करा, अशी अकोल्याची नोटीस तिला आधीच मिळाली होती.

"साहेब, माहा पोरगा अकोल्याले गेलाच नाही. दोन महिने झाले, मी सांगून राहिली, कोणी आयकूनच नाही राहिलं."

मोबाइलवर चलान यायला लागले तेव्हा ती अकोल्याला गेली होती. तिथे सांगितले, गाडीची नोंदणी अमरावतीची, तिकडे जा. अमरावती शहरात सांगितले, तुम्ही ग्रामीणच्या, तिकडे जा. ग्रामीणच्या शाखेत सांगितले, पहिले चलान फाडले अकोल्याने, मग इकडे काहून आल्या? एका खिडकीवरच्या शहाण्याने तर सल्ला दिला, "बाई, भरून टाका न, कटकट मिटते."

"मी म्हटलं, भरलं म्हणजे केलं असंच झालं न भाऊ?" बाई म्हणाली. "तं तो हसला."

मग तिने खरी गोष्ट सांगितली. शुक्रवारी मुलाचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होते. मुलीकडचे बडनेऱ्याचे, बाप रेल्वेत, मोठी सरळमार्गी माणसे. "उद्या पोलिसाची गाडी माह्या दारात उभी राहिली, तं शुक्रवारी कोणी येत नाही साहेब. पोराले मागून सोडलं तरी काय? जीप आलती, एवढंच लोकं ध्यानात ठेवतात."

खोटे नव्हते. अठ्ठावीस-तीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिले आहे, निर्दोष सुटल्याची बातमी गावाच्या वेशीवरच थकून बसते आणि जीप आल्याची बातमी मात्र जीपच्या आधी पोचते.

मुलाला मी विचारले, "तू काही बोलशील की आईच बोलणार?"

"साहेब, ते तिघं बसल्याचं चलान वाचलं तवा मलेच हसू आलं. आमच्या गाडीवर दोन टोपल्या आणि मी बसलो तं तिचं पुढचं चाक उचलते."

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि संगणकावर बसणाऱ्या महिला शिपायाला बोलावले. आता वाचकांसाठी दोन शब्द. चलान म्हटले की माणूस दंडाचा आकडा पाहतो आणि शिव्या देतो. पण त्या नोंदीत बरेच काही असते. गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे टाकले की जागा, वेळ, कलम, गाडीचा प्रकार आणि फोटो समोर येतो. फोटो! अधिकाऱ्याने स्वतः काढलेला पुरावा. बाईला कोणत्याही खिडकीवर कोणीही तो उघडून दाखवला नव्हता. आणि अकोल्याच्या पथकाने ही चलाने मोजली होती, पण पाहिली नव्हती.

पहिला फोटो अकोल्याचा. वर लिहिलेले, वाहन प्रकार मोपेड. खाली चित्रात निळी स्कूटर, वर तीन दणकट तरुण. दुसरा चिखलदऱ्याचा. वाहन प्रकार मोपेड, चित्रात काळी मोटरसायकल. तिसरा पुन्हा अकोल्याचा, मंगळसूत्र चोरीच्या आदल्याच दिवशीचा, आणि त्यात वेगळीच, लाल मोटरसायकल. नंबर एकच.

महिला शिपायाने माझ्याकडे पाहिले. मी टेबलावर असा हात आपटला की चहा सांडला. तीन वेळा तीन माणसांनी मशीनमध्ये नंबर टाकला, तीन वेळा मशीन म्हणाले 'मोपेड', समोर कधी स्कूटर, कधी घोड्यासारखी मोटरसायकल उभी, आणि एकालाही प्रश्न पडला नाही! त्या बाईने दोन जिल्ह्यांच्या खिडक्या झिजवल्या, आणि उत्तर प्रत्येक खिडकीच्या आत चालू संगणकावर पडून होते.

आमचा हवालदार चष्मा कपाळावर चढवून फोटोत नाक घालून बसला होता. "साहेब, पाटी पाहा. तिन्ही गाड्यांवर एकच पाटी हाय. शेवटच्या आकड्याले शेपटी अन् खाली फूल. हे बसस्टँडपाशीच्या पेंटरचं काम हाय. अन् बांधली कायनं? तारेनं!"

तेव्हा जुन्या गाड्यांना कारखान्यातल्या पाट्या सक्तीच्या झालेल्या नव्हत्या, रंगाऱ्याकडून रंगवून घेत. पेंटरला आणला. माणूस कलावंत, घाबरण्याऐवजी फोटो पाहून खूश झाला.

"माहीच पाटी! वळण पाहा साहेब."

"वळण पाहूनच बोलावलं. ह्या बाईंचा नंबर तू किती जणांना विकला?"

"विकला? राम राम! काकूची पाटी म्हणजे माह्या दुकानाची पहिली बोहनी. काकूनं उद्घाटनाले हार देल्ले होते. म्हणून तशीच दुसरी करून नमुना म्हणून बाहेर टांगली. पहिलं काम घरात ठेवलं की बरकत राहते."

"मग ती चिखलदऱ्याला कशी गेली?"

त्याचा चेहरा पडला. बाजूच्या दुकानात जुन्या गाड्यांचा एक दलाल बसे. "तो घडीभर मागून नेते साहेब. गिऱ्हाईक आलं म्हणते. शेजारधर्म हाय, नाही कसं म्हणाचं?"

दलाल आला तो हसतच आला. मी आवाज चढवायची तयारी करून बसलो होतो, पण त्याने मला संधीच दिली नाही. त्याच्याकडे कागद नसलेल्या, नंबर नसलेल्या गाड्या येत. गिऱ्हाइकाला ट्रायल द्यायची तर पेंटरची पाटी तारेने बांधून देई.

"काहून?" मी विचारले.

"आता बिननंबरची गाडी रस्त्यावर पाठवनं बरं दिसते का साहेब? पोलीस पकडतीन न!"

हवालदार पटकन बाहेर गेला. व्हरांड्यातून त्याचा खोकल्यासारखा आवाज आला.

"आणि ट्रायल चिखलदऱ्यापर्यंत?"

"मंग? इथं सारी काळी सपाट जमीन. घाट चढल्याबिगर इंजिन समजते का? दोन-तीन दिवस ठेवतेच मानूस. आपल्याकडं तशीच रीत हाय."

खरेच तशी रीत होती. बैलजोडी घेतानासुद्धा आमच्याकडे माणूस वखराला जुंपून पाहतो, मग सौदा करतो. आंबा घेताना फोड खाऊन पाहतो. पण या रीतीत कोणाच्या तरी मुलाची सोयरीक तारेने बांधून फिरत होती, हे या गृहस्थाच्या ध्यानीमनी नव्हते. मी ते त्याला सांगितले. कोणत्या शब्दांत, ते छापता येणार नाही. हसू मात्र गेले.

"लाल मोटरसायकल कोणाला दिली होती?"

तो दाराकडे पाहू लागला. पेंटरच म्हणाला, "सांग न बे, काकूच्या पोराचं साक्षगंध हाय!"

ट्रायलला गाडी देताना दलाल गिऱ्हाइकाचे आधार कार्ड ठेवून घेई. लाल गाडीचे कार्ड त्याच्या गल्ल्यातच पडलेले होते, कारण गिऱ्हाईक गाडी घेऊन पसार झाले होते. इतके दिवस हा गप्प का? तक्रार द्यायला आला असता तर गाडीचे कागद मागितले असते! पाटीही गाडीबरोबर गेली, तर पेंटरने तिची नवी नक्कल करून टांगली होती. बरकतीचा खंड नको म्हणून.

पंचांसमक्ष कार्ड जप्त केले, जबाब घेतले आणि अकोल्याला फोन लावला. उपनिरीक्षकाला म्हणालो, "जीप आणा. पण गावात नाही, ठाण्यात." दुसऱ्या दिवशी त्यांचे पथक आमच्याकडून कार्डावरचा पत्ता घेऊन परस्पर गेले. लाल मोटरसायकल आणि मंगळसूत्र दोन्ही तिथेच मिळाले. फुलवालीच्या दारात कोणतीही जीप उभी राहिली नाही. शुक्रवारी साक्षगंध झाले. मी गेलो नाही. ठाणेदार जेवायला आला तरी पाहुणे चार प्रश्न विचारतात.

या प्रकरणाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. नोंद म्हणजे साक्षीदार असतो, न्यायाधीश नसतो. साक्षीदार हाडामांसाचा असो की संगणकातला, त्याची उलटतपासणी करायची असते. आणि ती करायची जबाबदारी नोंद ठेवणाऱ्याची आहे. झेंडू तोडायचा सोडून बाईने दोन जिल्ह्यांत हेलपाटे घालायचे आणि पगार घेणाऱ्यांनी एक बटण दाबायचे नाही, याला मी चूक म्हणत नाही. चूक नकळत होते. ही बेपर्वाई आहे.

काही दिवसांनी चलाने रद्द करून घेण्यासाठी मी स्वतः बाईला घेऊन अकोल्याला गेलो. तिथल्या साहेबांनी आम्हाला बसवले, चहा पाजला आणि समजावून सांगितले. यंत्रणा कशी आधुनिक आहे, प्रत्येक चलानासोबत फोटो कसा जोडला जातो, तो कसा कायम सुरक्षित राहतो, कार्यपद्धतीचे कसे तंतोतंत पालन झाले. बराच वेळ बोलले. बाईने सगळे शांतपणे ऐकून घेतले, कप खाली ठेवला आणि भरल्या ऑफिसात मोठ्याने विचारले,

"पाहाचाच नसते तं फोटो काढता कायले, बाप्पा?"