टोपीवरची तीन चाकं

आमच्या फोटो-संपादनाच्या ग्रुपवर या महिन्याचं मैत्रीपूर्ण आव्हान होतं स्टीमपंक, म्हणजे वाफेवर चालणारं एक कल्पित जग. पहिला आला आमचा ॲडमिन शिरीष. त्याच्या चित्रात उंच टोपीवर पितळेची तीन दातेरी चाकं आहेत, तिन्ही एकमेकांत गुंतलेली. छापखान्यात यंत्रांशेजारी बारा वर्षं काढलेली बाई मी. गुंतलेली दोन चाकं उलटसुलट फिरतात, तिसरं दोघांनाही अडवतं; अशी तीन चाकं जागची हलायची नाहीत, हे मला पाहताक्षणी दिसलं.

मी कुकरचा फोटो वापरला होता. शिट्टीच्या वाफेवर पंखा, पंख्याला पट्टा, पट्ट्यावर फिरणारं जातं आणि शेजारी निवांत पेपर वाचत बसलेली माझी आई.

"सुनीताताई, छान आहे, पण हे तर स्वयंपाकघर झालं. स्टीमपंकमध्ये जरा साहस हवं," शिरीषने लिहिलं.

"पहाटे उठून पायलीभर दळून बघ, मग साहस कळेल," मी उत्तर दिलं. त्याने हसरा चेहरा पाठवला.

नंबर गेल्याचा राग नाही. पण कल्पनेतसुद्धा माणसं वाफेवर जहाजं उडवतात, टोप्या सजवतात, आणि दळण मात्र बाईच्या हातावर ठेवतात, याला काय म्हणावं? फुकटची वाफ, तीही आईपर्यंत पोचू नये?

शेवटी मी शिरीषची टोपी मोठी करून पाहिली, त्यातलं एक चाक पुसलं आणि चित्र ग्रुपवर परत पाठवलं. खाली लिहिलं, "आता फिरतील. जात्याला जोडून घे."