मागफुराच्या हातचे काळीज

इक नावाच्या नदीकाठच्या त्या तातार गावात कोणी घाबरले की शमसिबानूकडे येई. तातारीत काळजाला 'योरेक' म्हणतात. हिंमतही त्यातच आली. जुनी माणसे सांगत, हा शब्द चालण्यावरून आला, म्हणूनच भ्यालेल्याचे योरेक छातीतून चालू पडते. ते परत बोलवायला भ्यालेल्याच्या डोक्यावर पाण्याचा वाडगा धरायचा आणि त्यात वितळलेले शिसे ओतायचे. शिशाला काळजाचा आकार आला की ते दोऱ्यात ओवून गळ्यात बांधायचे. भीती जाईपर्यंत ते छातीवर राहिले पाहिजे. शमसिबानूने चाळीस वर्षे हे केले. नेम एकच: आपल्या घरच्या माणसासाठी ओतायचे नाही.

मार्चमध्ये तिचा नवरा नुरिसलाम नदीवरचा बर्फ फुटून पाण्यात गेला. लोकांनी ओढून काढले. पण तेव्हापासून तो जेवेना, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना.

गावात ओतणारी दुसरी एकच, मागफुरा. लग्नाआधी नुरिसलामचा घोडा दिवसातून तीनदा तिच्याच दारावरून जाई.

"मागफुराला बोलावू का?" मुलीने विचारले.

"तिचा हात थरथरतो."

थरथरत नव्हता. शमसिबानूने मुलीला बाजारात धाडले आणि नेम मोडून स्वतःच ओतले. तीनदा. तिन्ही वेळा नुसत्या किरच्या.

नुरिसलामने वाडग्यात डोकावून पाहिले. "माझं काळीज नदीतच राहिलं गं, बानू."

तेव्हा ती उठली आणि मागफुराच्या दारात गेली.

"काय आपा, वाट चुकलीस?"

"चल घरी. आणि तो लाल रुमाल सोड डोक्याचा, जत्रा नाहीये."

"साठीतल्या बाईच्या रुमालावर जळतेस?" मागफुरा हसली आणि रुमाल तसाच ठेवून निघाली.

वाडगा शमसिबानूला धरावा लागला. मागफुराने शिसे ओतले. चर्र झाले आणि पहिल्याच खेपेला जाडजूड, टोकदार काळीज तळाशी बसले. नुरिसलामने ते तळव्यावर घेऊन कितीतरी वेळ पाहिले.

"चहा टाक," तो म्हणाला. "भूक लागलीय."

शमसिबानूला हायसे वाटले आणि अंगाचा तिळपापडही झाला. मागफुरा दोरा शोधू लागली.

"दोरा माझा!"

शमसिबानूने डब्यातला सर्वांत बारीक धागा उचलला. दोन दिवसांत तुटला असता. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून तो परत ठेवला, जाड दोरा घेतला, दुहेरी गाठ मारली. शिसे सदऱ्याच्या आत सारून गुंड्या पार गळ्यापर्यंत लावल्या.

"चहा घेऊन जा," ती मागफुराला म्हणाली. "बस. इकडे नाही, तिकडे, दाराजवळ."