पायांसकट फोटो येणारी लेन्स

पहिली लेन्स कोणती घ्यावी, असं नवशिके मला या ब्लॉगवर सारखं विचारतात. मी सांगतो, दुकानात जाताना बहीण सोबत न्या. माझ्यासोबत शांता होती म्हणून वाचलो!

आमचं घर हिंगणघाटचं. आम्ही बौद्ध दीक्षा घेतली आणि पुढच्याच उन्हाळ्यात शांताचं लग्न ठरलं. नव्या पद्धतीनं होणारं वस्तीतलं ते पहिलं लग्न. रेल्वेतल्या मामांनी मला जुना कॅमेरा दिला होता, पण त्याची लेन्स पडून फुटलेली. बाबांचा तर जन्मात एकही फोटो निघाला नव्हता. ते उभे राहायला तयार झाले, पण अट घालूनच.

"पायांसकट पाह्यजे. अर्धा फोटो मेलेल्या माणसाचा असते, हार घालाले."

त्या काळी आमच्याकडे सगळे म्हातारे असंच मानत.

सकाळच्या मोटरनं वर्ध्याला निघालो. नवे पैसे नुकतेच आले होते, त्यामुळे कंडक्टर आणि एक बाई तिकिटावरून वर्ध्यापर्यंत भांडत आले. रस्ता नुसता फुफाटा. उतरल्यावर शांता म्हणाली, "दादा, तुह्या मिशा पांढऱ्या झाल्या!" मिशी कुठली, नुकतं मिसरूड फुटत होतं.

मामांच्या ओळखीच्या दुकानदारानं तीन जुन्या लेन्स काढल्या. एक लांबचं जवळ आणणारी, एक मधली आणि एक रुंद, बसकी. लांबची लावली आणि रस्त्यापलीकडच्या कडुलिंबावरच्या कावळ्याचा डोळा दिसला! मी पागलच झालो.

"हीच घेतो," मी म्हणालो.

"काऊन? लग्नात कावळ्याचे फोटो काढतं का?"

"अवं, चेहरे कसे येतीन पाह्य!"

"अन् बाबाचे पाय?"

तिनं मला ओढतच बाहेर गल्लीत आणलं. गल्ली आमच्या अंगणाएवढीच रुंद होती. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "समज, माह्या बाजूनं बाबा, आई, नवरदेव, सारेच उभे हाय." मी समोरच्या भिंतीला टेकून पाहिलं, तर तिचं नुसतं नाक दिसलं.

"आनखी मांगं सरशील त विहिरीत पडशील बाप्पा!"

आमच्या अंगणात त्या बाजूला विहीर होती. मधली लावली, तर पाय घ्यावेत तर डोकं जाई. रुंद लेन्समधून मात्र ती डोक्यापासून चपलेपर्यंत दिसली, दोन्हीकडे भरपूर जागा ठेवून. दुकानदारानं आधीच सांगून टाकलं, "कडेची माणसं जराशी जाड दिसतात बरं."

"दिसू द्या ना," शांता म्हणाली. "लग्नाचं जेवूनच उभे राह्यतीन!"

रुंद लेन्स घेतली, पण मी तोंड पाडूनच. तिनं मला वर्ध्याची ती तुपातली गोरसपाक बिस्किटं खाऊ घातली आणि पवनारला चल म्हणाली. धाम नदीकाठी झुणका-भाकरीची शिदोरी सोडली. खडकांमधून पाणी वाहत होतं आणि पलीकडच्या काठावर खंड्या बसला होता. माझ्या लेन्समधून तो ठिपक्याएवढा दिसे. फार वाईट वाटलं हो! पहिला फोटो शांताचाच काढायचा ठरवलं. ती पाण्यात उभी होती. मी बटण दाबणार इतक्यात ओरडली, "थांब!" आणि बाहेर खडकावर येऊन ओल्या पायांनी उभी राहिली.

लग्नात मी विहिरीच्या कठड्याला टेकून उभा होतो. मागे सरायला वीतभरही जागा नव्हती. सगळे गप्प, ताठ. बाबांनी तेवढं विचारलं, "आले का पाय?"

"आले, बाबा."

ते हसले आणि मी बटण दाबलं.

पुढे पुष्कळ फिरलो, हौसेनं ती लांबची लेन्सही घेतली, खंड्याही टिपला. बाबा गेले तेव्हा लग्नातला हाच त्यांचा एकमेव फोटो होता. नातेवाईक म्हणाले, यातला चेहरा कापून मोठा करून घे, हार घालायला बरा. मी घेऊन निघालोही होतो. शांता सासरहून आली होती, तिनं दारातच अडवलं. "कापू नोको दादा. आपून वर्ध्याले कायले गेलतो मंग?"

तो फोटो आजही अख्खाच भिंतीवर आहे. कडेची माणसं जाड दिसतात, बाबा मधोमध अनवाणी उभे आहेत, हसताहेत. त्याला हार आम्ही कधीच घातला नाही.