सासूबाई पाण्यावर उभ्या राहतात

पाण्यावर उभं राहून वल्हं मारायला शिकायचं हे खूळ माझ्या डोक्यातलं, सासूबाईंच्या नव्हे. चाळिशी आली, वजन वाढलं, नववीच्या पोरांना गणित शिकवून शिकवून घरीसुद्धा मी फळ्यापुढे उभी असल्यासारखी बोलायला लागले, तेव्हा एकदा तरी काही बिनकामाचं करावं म्हणून चौक गावच्या भूपेशच्या रविवारच्या क्लासला मी नाव घातलं. सासूबाई नुसत्या सोबतीला आल्या होत्या. पहिल्या रविवारी पिशव्या त्यांनी सांभाळल्या, दुसऱ्यापासून मी.

भूपेश चौकचाच कोळी, तिशीचा. घरची होडी सोडून मालवणकडे हे शिकून आला आणि हवा भरायचे चार बोर्ड घेऊन गावाजवळच्या खडकांच्या आडोशाला क्लास सुरू केला. तिथलं पाणी दिसायला गढूळ, पण सकाळच्या भरतीला परातीत ओतल्यासारखं शांत असतं. ओहोटी लागली की नुसता चिखल, म्हणून सगळं भरतीच्या वेळेवर. त्याचा धडा साधा होता. आधी बोर्डवर गुडघे टेकायचे, मग एकेक पाऊल, मग उभं राहून नजर समोर ठेवायची आणि लांब दांड्याचं वल्हं पाण्यात घालून ओढायचं.

मी पडले. पुन्हा चढले, पुन्हा पडले. नाकातोंडात खारं पाणी गेलं, शेजारच्या बोर्डवरची कॉलेजची मुलगी डुलत डुलत पुढे निघून गेली आणि माझा सगळा उत्साह तिथेच विरला. किनाऱ्यावर येऊन मी टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसले. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातलं वल्हं काढून घेतलं, उभं धरून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तं आपला मिठाचा फावडाच हाय."

इथे पार्वतीबाईंविषयी सांगायला हवं. माहेर मुर्ध्याचं, सासर नवघरचं, दोन्हीकडे मिठागरं. घरात भाऊ नव्हता, म्हणून वडिलांनी लहानपणीच त्यांच्या हातात मीठ ओढायचं लाकडी फावडं दिलं, एरवी ते बाप्यांचं काम. लग्न करून आल्या तर सासरीही तेच. पुढे मिठागर बंद झालं आणि समोर टॉवर उभे राहिले. बाई गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. हळदीच्या कार्यक्रमांना तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायला लागल्या. आजही कुणाची हळद असली की आमच्या गच्चीवर चूल पेटते आणि भाकरीमागून भाकरी उतरत राहते. साठी ओलांडली आहे, पण उकिडव्या बसतील आणि हात न टेकता उठतील. मला विचाराल तर या वयात माणसाने इतकं ठणठणीत असणं सुनेच्या दृष्टीने जरा गैरसोयीचंच असतं.

तर या बाई हितेशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, जुनी ट्रॅक पॅंट आणि वर लाइफ जॅकेट घालून दुसऱ्या रविवारी पाण्यात उतरल्या. लहानपणी खाडीत पोहलेल्या, पाण्याची भीती नव्हतीच. गुडघे टेकले, उठल्या, आणि पहिल्याच फटक्यात उभ्या राहिल्या. मी किनाऱ्यावर टाळ्या वाजवल्या. भूपेशने तोंडात बोटं घालून शिटी मारली. त्यांनी वल्हं पुढे टाकलं, पाण्यात रुतवलं, झक्क ओढलं, बोर्ड पुढे सरकला. आणि त्या एक पाऊल मागे आल्या. पुन्हा ओढलं, पुन्हा एक पाऊल मागे. पुढच्या ओढीला मागे बोर्डच उरला नाही. पार्वतीबाई ताठ उभ्याच्या उभ्या, हातात वल्हं घेऊन, मागच्या मागे पाण्यात.

सगळे हसले, मीही हसले. वर आल्या तेव्हा त्या स्वतःही हसत होत्या. पण पुढच्या वेळेला तेच, त्याच्या पुढच्या वेळेला तेच. भूपेशला काही कळेना. आजवर त्याने पुढे पडणारे पाहिले होते, बाजूला पडणारे पाहिले होते. ठरल्यासारखं चालत जाऊन मागे पडणारं माणूस तो पहिल्यांदाच पाहत होता.

मला मात्र परतीच्या बसमध्ये उलगडा झाला. राई गावाच्या पुढे रस्त्याकडेला थोडी मिठागरं अजून आहेत, त्यांतल्या एकात एक माणूस मीठ ओढत होता. फावडं पुढे टाकायचं, मीठ आपल्याकडे ओढायचं, एक पाऊल मागे. पुन्हा ओढायचं, पुन्हा मागे. मागे सरला नाही तर ओढलेलं मीठ पायाखालीच येणार, आणि मिठावर पाय देणं म्हणजे पाप. मी सासूबाईंना कोपराने ढोसून दाखवलं. त्यांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. हातांनी ओढलं की पाय आपोआप मागे जायचे, त्यांना विचारतही नव्हते.

त्या दिवसापासून मला त्या सगळीकडे मागे सरताना दिसायला लागल्या. एकदा दिसलं की दिसतच राहतं. लिफ्टचं दार उघडलं की आधी मागे. स्वयंपाकघरात मी शिरले की ओट्यापासून मागे. आमचं लग्न झालं तेव्हा मोठी खोली आम्हाला देऊन त्या हॉलमध्ये आल्या, त्याची कुणी चर्चासुद्धा केली नाही, मी तर नाहीच नाही. दहा वर्षं मी त्याला स्वभाव म्हणत होते. वाईट वाटलं. रागही आला, कुणाचा ते कळेना, म्हणून मी हितेशवर काढला.

मग आमच्या घरात शिकवणी लागली. दोन पाट एकापुढे एक ठेवायचे, सासूबाईंनी त्यावर उभं राहायचं, हातात फरशी पुसायचा मॉप, आणि मी मागे पहाऱ्याला. "ओढा," मी म्हणायची. त्या ओढायच्या आणि टाच पाटाखाली. "पुन्हा." पुन्हा टाच पाटाखाली. आमच्याकडे गणितात अशी पोरं असतात, सगळं येतं पण हातचा घ्यायचा विसरतात; त्यांच्यावर मी कधी ओरडत नाही. सासूबाईंवर ओरडले. त्यांनी शांतपणे मॉप भिंतीला टेकवला आणि मला चहा करायला पाठवलं.

पाचव्या रविवारी नणंद आली, नीलम. तिने मोबाइलवर आईचं ते मागे मागे चालत जाऊन बुडणं टिपलं आणि भावकीच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत नवघरपासून वरसाव्यापर्यंतची सगळी भावकी हसत होती. कुणी त्यावर बेंजोचं संगीत चढवलं. हितेश तो कामाला आहे त्या शोरूममधून घरी आला तो लाल होऊनच. तिथल्या शिपायाने त्याला त्याच्याच आईचा व्हिडिओ दाखवला होता.

तो ओरडला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण मी त्याला नेहमी रागीटच रंगवते. आईशेजारी बसला, तिचं कोपर हातात घेतलं. बोर्डच्या कडेला आपटून तिथे काळंनिळं झालं होतं. म्हणाला, लोक हसतात ते जाऊ दे, पण तू मागे बघत नाहीस, एखाद दिवशी खडकावर पडशील आणि मला फोन येईल. त्या फोनची मला भीती वाटते. आता बास कर.

सासूबाईंनी कोपर सोडवून घेतलं. मग म्हणाल्या, आणखी एकच रविवार. तिथे तो केशरी बोया तरंगतो, तिथपर्यंत जाईन आणि परत येईन. मध्ये पडले तर पुन्हा नाव काढणार नाही. हितेश म्हणाला, बरं, पण मी स्वतः येणार बघायला. ठरलं. मला मात्र रात्रभर धड झोप लागली नाही, कारण त्या एका वाक्यात किती अडकलं होतं ते मी बघितलं होतं. गेले काही आठवडे या बाई शुक्रवारपासूनच भरतीची वेळ विचारत होत्या. भाकऱ्या थापताना गुणगुणत होत्या. रविवारी माझ्या आधी आंघोळ करून, ट्रॅक पॅंट घालून दाराशी तयार. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी स्वतःसाठी हवं होतं आणि त्यांचेच पाय ते होऊ देत नव्हते.

त्या रविवारी आम्ही तिघं भल्या पहाटे निघालो. भरती पुरती आली होती, वारा नावाला नव्हता. भूपेशला मी मिठाचं सगळं सांगितलं, फावड्याचं, पावलाचं. तो वाळूत उकिडवा बसला, जरा विचार केला आणि सासूबाईंना म्हणाला, "मावशी, पाणी काय मीठ नाय, ते तुमच्याकडं येनार नाय. वल्हं रुतलं की ते तिथंच राहतं असं समजा. तुम्ही त्याच्याकडं जायचं."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "म्हंजे मीठ हाय तिथंच ठेवायचा," त्या सावकाश म्हणाल्या, "आन आपनच पुढं जायाचा?"

भूपेशने मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. असं कुठे असतं का, असंच काहीतरी पुटपुटत त्या पाण्याकडे गेल्या. भूपेशने बोर्डची दोरी त्यांच्या पायाला बांधली. हितेश जीन्स आणि बूट घालून कमरेवर हात ठेवून उभा होता. मी देवाचं नाव घेतलं नाही, पण जवळपास तेच करत होते.

त्या उभ्या राहिल्या. वल्हं पुढे टाकलं. ओढलं. डावी टाच उचलली गेली, मी ती बघितली, हितेशनेही बघितली, त्याच्या तोंडून श्वास सुटला. टाच हवेत थांबली. खरंच थांबली, एखाद्याने हाक मारल्यावर माणूस दारात थांबतं तशी. आणि पुन्हा जागेवर टेकली. बोर्ड पुढे गेला.

दुसरी ओढ. टाच हलली, उचलली नाही. तिसरी. चौथी. मग मी मोजायचं सोडून दिलं आणि वाळूवर उड्या मारायला लागले. चाळिशीची, वजनदार, नववीची गणिताची बाई, मला काही फिकीर नव्हती. सासूबाई चालल्या होत्या. कंबर किंचित वाकलेली, नजर समोर, वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि खाली दोन्ही पाय आपापल्या जागेवर. बोया जवळ येत गेला. भूपेश दुसऱ्या बोर्डवरून बाजूने जात होता. बोयापाशी त्यांनी वल्ह्याने जरासा धक्का देऊन वळण घेतलं, बोर्ड डुलला, त्या डुलल्या, माझ्या उड्या थांबल्या. सावरल्या. हितेश हळूच "आई" म्हणाला, इतक्या लांबून ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

परत येताना त्यांचा चेहरा दिसायला लागला. मला वाटलं होतं हसत असतील. हसत नव्हत्या. मुलं पहिल्यांदा सायकल चालवताना कशी दात दाबून, डोळे मोठे करून बघतात, तशा त्या बघत होत्या, समोर येणाऱ्या किनाऱ्याकडे, आमच्याकडे, सगळ्याकडे. मला रडू आलं. मी डोळे पुसले नाहीत, नाहीतरी तिथे सगळंच ओलं होतं.

हितेशला राहवलं नाही. बूटजीन्ससकट तो पाण्यात शिरला, गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत, आणि बोर्डचं टोक पकडायला त्याने दोन्ही हात पुढे केले. त्याचे डोळे लाल झाले होते. जिंकलीस, असं तो म्हणाला. पडली नाहीस. आता उतर, मी धरतो, चल घरी, तुझी शपथ पुरी झाली.

सासूबाईंनी वल्हं पाण्यात रुतवून बोर्ड थांबवला. खाली उभ्या असलेल्या मुलाकडे बघितलं, त्याच्या पसरलेल्या हातांकडे बघितलं. आवाज अगदी रोजचा होता, भाकरी उलटताना असतो तसा.

"हितेश," त्या म्हणाल्या, "जरा मागं सर. मना वळायला जागा दे."

हितेशला पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्याने हात खाली घेतले आणि तो मागे सरला, एक पाऊल, मग आणखी एक, आणि त्यांचा बोर्ड त्याच्यासमोरून वळून पुन्हा बोयाकडे निघाला.