फुगा कुणाच्या हातात

निघोज्याची कस्तुरा एखादी गोष्ट करायची ठरवली की आधी बोलत नसे. नवऱ्याला, कोंडीरामला, भोसरीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि त्यानं सायकल घेतली, तेव्हा पहिल्याच सुटीच्या दिवशी ती सायकल घेऊन नदीकडच्या गाडीवाटेनं गेली आणि गुडघे फोडून परत आली. पुढच्या सुटीला पुन्हा गेली.

"बाईमाणसाला कशाला पायजे सायकल?" थोरला दीर भिवा म्हणाला.

"चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जायचंय," एवढंच ती म्हणाली.

पुढं कोंडीरामनं तिच्यासाठी एक जुनी सायकल मिळवली. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून ती निघाली की वस्तीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. वर्षभरात त्याच बायका तिच्या मागं बसायला आपसात भांडू लागल्या.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात नाशिक रस्त्यावर एका मालट्रकनं कोंडीरामला मागून उडवलं.

दवाखान्यात कस्तुरानं त्याला पाहिलं तेव्हा तो झोपल्यासारखाच दिसत होता. मार सगळा डोक्याला होता. स्वतःहून श्वास येत नव्हता, म्हणून घशात नळी घातली होती आणि नळीला रबरी फुगा जोडला होता. फुगा दाबला की छाती वर यायची, सोडला की खाली जायची. श्वास देणारं यंत्र त्या दवाखान्यात नव्हतं, पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यातलं रिकामं नव्हतं. फुगा हातानंच दाबायचा आणि तो नातेवाइकांनी दाबायचा, अशी तिथली रीत. नर्सनं भिवाला शिकवलं, भिवानं शौकतला.

शौकत राजगुरुनगरचा. कारखान्यात त्याचं मशीन कोंडीरामच्या शेजारी. दाबून दाबून भिवाचे हात भरून आलेले बघून तो म्हणाला, "दादा, एकट्याचं काम नाही हे. आमच्या खात्यातली पोरं आहेत की. शिफ्ट लावतो."

आणि खरंच शिफ्ट लागली. कारखान्याचा कायदाच त्यांनी वॉर्डात आणला. बदली माणूस येऊन हात लावेपर्यंत आपला हात काढायचा नाही. कामावरून सुटलेला माणूस तेलकट कपड्यांत यायचा, हात धुवायचा, आधीच्याच्या हातावर हात ठेवायचा. मग दाबता दाबता कोंडीरामशी बोलायचा.

"कोंडीभाऊ, आज कँटीनला पुन्हा दुधीच."

"ऊठ की राव. तुझ्या वाटणीचा दुधी मी किती दिवस खाऊ?"

कस्तुरा खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकायची. त्या चेष्टेनं तिला धीर यायचा.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिला आणि भिवाला बाजूला बोलावलं. तरुण होत्या, बोलताना कस्तुराच्या डोळ्यांकडे बघत होत्या. "त्यांचा मेंदू मेलाय," त्या म्हणाल्या. "पूर्ण. आता तो परत येत नाही. हृदय चालतंय ते तुमच्या फुग्यातल्या हवेवर. फुगा चालू ठेवला तरी तेही थांबेलच."

"काळीज चालतंय नि माणूस मेला?" भिवाचा आवाज वॉर्डभर गेला. "दाढी वाढतीया त्याची! मेल्या माणसाची वाढती व्हय? आन मेलाय म्हणता, तर तुमीच काढा की फुगा. लावा हात!"

बाई म्हणाल्या, "आम्ही काढावा असा कायदा नाही. मोठे डॉक्टर म्हणतात, घरच्यांनी ठरवावं."

पण मोठ्या डॉक्टरांना खाटही हवी होती. दुसऱ्या दिवसापासून रोग्याजवळ एकच माणूस थांबेल, असा त्यांनी हुकूम काढला. भिवा समजायचं ते समजला. "एकट्याचा हात दुखंल, आन आपसुक सुटंल. अशी चाल हाय ह्यांची!" शिफ्टची माणसं फाटकात बसली. एकाची वेळ संपत आली की दुसरा वॉचमनशी हुज्जत घालून आत शिरायचा. दवाखाना आणि माणसं अशी समोरासमोर उभी राहिली.

कस्तुरा त्या गर्दीतून वाट काढत डॉक्टरीणबाईंकडे गेली. "मेलाय कशावरनं म्हणता, ते मला दाखवा."

त्यांनी दाखवलं. भिवा आणि शौकत शेजारी उभे होते. बाईंनी पापणी उघडून बॅटरी मारली. बुबुळ हललं नाही, आकसलं नाही. कानात गार पाणी सोडलं. कोंडीराम शहारला नाही. मग ऑक्सिजनची बारीक नळी तेवढी आत ठेवून त्यांनी फुगा बाजूला केला. "जरा जरी जीव असेल तर छाती आता श्वास मागेल," त्या म्हणाल्या.

कस्तुरानं छातीवर तळवा ठेवला. छाती ऊबदार होती, आत ठोका लागत होता. पण ती काहीच मागत नव्हती.

"घे रं," भिवा पुटपुटला. "कोंड्या, दम घे. घे की रं!"

मग त्यालाच धीर धरवेना. त्यानं झडप घालून फुगा पुन्हा जोडला. "बघितलंस? सोडला की मरतोय त्यो!"

"न्हाई भावजी," कस्तुरा म्हणाली. "सोडल्यावर मरत न्हाईत ते. दाबल्यावर हलत्यात, एवढंच."

व्हरांड्यात शौकत भिंतीला टेकून उभा राहिला. "वहिनी, खरं सांगू? आमाला कळलंय. पण ज्याच्या हातात थांबलं, तो घरी जाऊन जेवणार कसा? प्रत्येकाला वाटतं, माझ्या शिफ्टला नको."

कस्तुरा इतके दिवस ज्याला आशा समजत होती, ते भय होतं. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होतं आणि कोंडीराम मध्ये अडकून पडला होता.

"शौकतभाऊ, उद्या सकाळची शिफ्ट माझी."

"आणि तुमची बदली?"

"बदली न्हाई."

भिवाला कळलं तेव्हा तो अंगावर धावून आला. "कपाळ पांढरं करून घ्यायची एवढी घाई झाली तुला?"

ती मागं सरली नाही. "त्यास्नी ट्रकवाल्यानं मारलं, भावजी. मी नुसती सोडवतीया. तुमास्नी बी सोडवतीया. हात बघा तुमचे, किती सुजल्यात."

भिवानं हात पाठीमागं लपवले. "मी न्हाई थांबायचा तिथं."

"थांबायचं. तुमी थोरलं हायसा. माझ्याकडं बघू नका, त्यांच्याकडं बघा."

सकाळी तिनं शौकतच्या हातावर हात ठेवला. त्यानं आपला हात काढला, पण गेला नाही. थोडा वेळ तिनं फुगा नीट, सावकाश दाबला. मग 'बुद्धं सरणं गच्छामि' असं त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला भिवाचा घोगरा आवाज तिच्यात मिसळला. म्हणून झाल्यावर तिनं फुगा सोडला आणि तो हात छातीवर ठेवला. डॉक्टरीणबाई नाडी धरून उभ्या होत्या. ठोका बराच वेळ रेंगाळला, विरळ झाला, मग लागेनासा झाला. तरी तिनं तळवा लगेच उचलला नाही.

भिवा पुढं कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. चाकणच्या बाजारात ती पुन्हा कांद्याच्या ढिगाशी बसली, तेव्हा कुजबुज तिच्या कानावर आली. कुणी म्हणे डॉक्टरनं मारला, कुणी म्हणे त्या शौकतच्या हातातून फुगा निसटला.

कस्तुरानं हातातला कांदा खाली ठेवला. "कुणाच्या हातातनं निसटला न्हाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी सोडला. म्या, कोंडीरामच्या बायकुनं. बोलायचं तर माझं नाव घिऊन बोला."

तिनं पुढचा ढीग जवळ ओढला.